विश्लेषण : चांदीप-तुंगारेश्वरच्या रानात फिरायला जाताना पाहुण्याने कोणते रीतिरिवाज पाळावेत?

पहिला जोरदार पाऊस झाला की मुंबई, मीरा-भाईंदर आणि वसई-विरारमधून दुचाक्या व मोटारी शिरसाड फाट्याकडे वळू लागतात. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरणारे ओहोळ आणि धबधबे, तानसा नदीचा काठ, वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आणि वाटेतली चांदीप, मांडवी, पारोळ, उसगाव ही गावे एका दिवसात पाहून परत येता येते. मात्र रविवार संपल्यावर गावांच्या वाट्याला फुटलेल्या बाटल्या, तुडवलेली रोपे आणि कधी कधी बुडालेल्या तरुणाचा शोध घेण्याचे काम येते. मग बंदीचे आदेश निघतात, पोलीस नाकाबंदी करतात आणि चार पैसे मिळवणाऱ्या स्थानिक विक्रेत्यांचाही हंगाम बुडतो. हे टाळायचे तर पाहुण्याला इथल्या रीतीभाती माहीत असायला हव्यात. त्या कोणत्या आणि त्यामागची कारणे काय, याचा आढावा.

चांदीप परिसर नेमका कसा आहे?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील शिरसाडहून पूर्वेला अंबाडीकडे जाणारा रस्ता हा या भागाचा कणा. रस्त्याच्या दक्षिणेला तुंगारेश्वरची डोंगररांग, उत्तरेला तानसा नदी आणि मधल्या पट्ट्यात भातशेती, गावे आणि पाडे. चांदीप याच पट्ट्यातले. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका स्थापन झाली आणि अशी अनेक गावे शहराच्या हद्दीत आली. कागदावर शहर असले तरी इथला दिनक्रम आजही शेती, गुरे आणि रानाच्या वेळापत्रकावर चालतो. पूर्व वसईच्या या भागात आगरी, कुणबी यांच्याबरोबर वारली, मल्हार कोळी, कातकरी हे आदिवासी समाज पिढ्यानपिढ्या राहतात. वसई तालुक्याचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रातही येतो.

डोंगरावरचे जंगल २००३ मध्ये तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि शहापूर-वाड्याकडचे तानसा अभयारण्य यांना जोडते. बिबट्यासारख्या प्राण्यांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याची वाट या डोंगरातून जाते. २०१९ मध्ये अभयारण्याभोवतीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला.

‘मोकळे रान’ खरेच मोकळे असते का?

पाहुण्याचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. शहरात कुंपण, फाटक आणि पाटी असेल तर जागा कोणाची तरी आहे, असे आपण समजतो. इथे कुंपण नाही, म्हणून जागा कोणाचीच नाही, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात कुंपण नसलेल्या या रानाचा जवळपास प्रत्येक तुकडा कोणाच्या ना कोणाच्या वाट्याचा असतो.

उन्हाळ्यात मोकळे दिसणारे माळ पावसाळ्यात भातखाचरे होतात. ओढ्याकाठच्या आंब्याला, ताडाला, मोहाला आणि काजूला मालक असतो. तो सातबाऱ्यावर नसला तरी अमुक झाड अमुक घराने वेचायचे, हे पाड्यात सर्वांना माहीत असते. जंगलातल्या जमिनीवरही हक्क आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यानपिढ्या जंगलात शेती करणाऱ्या कुटुंबांचे वैयक्तिक दावे आणि गौण वनउपज गोळा करण्याचे सामूहिक हक्क मान्य केले. त्यामुळे झाडाखाली पडलेली फळे ‘फुकटची’ म्हणून पिशवीत भरणे किंवा ताडाला बांधलेल्या मडक्याला दगड मारणे, ही गंमत नसून कोणाच्या तरी कमाईला लागलेला हात असतो.

साधा नियम असा की, अनोळखी घराच्या ओटीवर आपण विचारल्याशिवाय बसत नाही, तसेच इथल्या बांधावर, झाडाखाली आणि पाणवठ्यावर वागावे. विचारले तर नकार क्वचितच मिळतो. उलट ‘अजून दोन घ्या’ असाच आग्रह होण्याची शक्यता जास्त.

शेतातून चालताना काय लक्षात ठेवावे?

भाताच्या हंगामातील प्रत्येक टप्प्याला वेगळी काळजी लागते. मार्च ते मे या काळात शेताच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून ते भाजले जाते. हा राब. रोपांसाठीची जमीन तयार करण्याची ही कोकणातली जुनी पद्धत आहे. दुरून धूर पाहून वणवा लागल्याची समजूत करून घेण्याआधी जवळपासच्या माणसाला विचारावे. मात्र जंगलात खरोखर आग दिसली आणि आसपास कोणी नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

जूनमध्ये राबावर पेरणी होते. त्यातून वर आलेली पोपटी रोपे गवतासारखी दिसतात आणि ‘हिरवळ’ म्हणून त्यावर बसून फोटो काढले जातात. ही वर्षभराच्या अन्नाची रोपवाटिका असते. ती तुडवली गेली तर त्या हंगामात दुसरी रोपे मिळवणे शेतकऱ्याला कठीण जाते. जुलैत आवणी, म्हणजे लावणी सुरू होते. तेव्हा खाचरांतले पाणी बांधांनी अडवलेले असते. चार जण एका बांधावरून उड्या मारत गेले की ओला बांध खचतो आणि पाणी वाहून जाते. बांधावरून एकामागोमाग एक, सावकाश चालावे आणि डोक्यावर आवण घेऊन समोरून येणाऱ्याला आधी वाट द्यावी.

काचेच्या बाटलीचा प्रश्नही याच चिखलात आहे. आवणी अनवाणी केली जाते. बायका-माणसे दिवसभर घोटाभर चिखलात वाकून उभी असतात. ओहोळात फोडलेल्या बाटलीची काच पुराच्या पाण्याबरोबर खाचरात येते आणि पायात जाते. ऐन आवणीत पाय कापलेल्या शेतमजुराची मजुरी बुडते. गुरांच्या खुरांनाही तीच इजा होते. बाटली, कॅन आणि वेफर्सची पाकिटे परत नेणे हा म्हणूनच या भागातील पहिला शिष्टाचार.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि झोडणी होते. शेणाने सारवलेल्या खळ्यात भात पडलेले असते. खळ्यात चपला घालून जाऊ नये आणि धान्याला पाय लावू नये. वारली समाजात कणसरी ही धान्याची देवता आहे, त्यामुळे खळ्यातील रास आणि देव यांत फार अंतर मानले जात नाही. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय न खाण्याची रीतही अनेक घरांत पाळली जाते.

पाणवठ्यावर कोणती रीत असते?

गावाच्या ओहोळाला आणि नदीला अलिखित क्रम असतो. वरच्या अंगाचे पाणी पिण्याचे, त्याखालचे धुण्याचे आणि सर्वांत खाली गुरांचे. पाहुणे नेमके वरच्या अंगाला, ‘स्वच्छ’ दिसणाऱ्या डोहात उतरतात, तिथे साबण लावतात आणि जेवणाची भांडी धुतात.

उन्हाळ्यात नदीच्या किंवा ओहोळाच्या वाळूत हात-दोन हात खोल खड्डे दिसतात. ते मुलांनी खेळताना खणलेले नसतात. वाळूतून झिरपून येणारे पाणी पिण्यासाठी भरून घेण्याचे हे झिरे असतात. काही पाड्यांत त्यांना डवरा म्हणतात. त्यात हात-पाय धुणे म्हणजे कोणाच्या तरी माठात हात घालणे. बायका धुणे धूत असतील किंवा अंघोळ करत असतील तिथे पुरुषांच्या टोळक्याने थांबू नये आणि मोबाइल तर काढूच नये. ओहोळात लावलेले माशांचे सापळे आणि जाळी उचलून पाहू नयेत. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे वलगणीचे मासे आणि चिंबोऱ्या हा अनेक घरांचा हंगामी आहार असतो.

पाण्याचा संबंध शहराशीही आहे. वसई-विरारला सूर्या, उसगाव आणि पेल्हार या योजनांतून पाणी मिळते. त्यांपैकी उसगाव आणि पेल्हार ही धरणे तुंगारेश्वरच्या पायथ्याला आहेत. डोंगरावरच्या ओहोळात टाकलेला कचरा शेवटी त्याच शहराच्या पाणीसाठ्याकडे जातो, जिथून बहुतेक पाहुणे आलेले असतात.

पुढे वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे भिवंडी तालुक्यात येतात. वसईचा किल्ला १७३९ मध्ये जिंकल्यानंतर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे मंदिर उभारल्याचा इतिहास सांगितला जातो. इथली कुंडे जलतरण तलाव नाहीत, देवस्थानाचा भाग आहेत. साबण-शाम्पू वापरू नये, पाण्यात उड्या मारू नयेत आणि स्नान करणाऱ्यांची छायाचित्रे घेऊ नयेत.

शेंदूर लावलेल्या दगडाजवळ थांबावे का?

थांबायला हरकत नाही. मात्र तो काय आहे, हे कळायला हवे. गावाच्या वेशीवर, पाऊलवाटेच्या कडेला किंवा मोठ्या झाडाखाली शेंदूर फासलेले दगड आणि लाकडी फळ्या दिसतात. काही गावदेवाच्या असतात, काही पूर्वजांच्या नावाने बसवलेल्या आणि काही वाघोबाच्या. वाघोबाच्या फळीवर वाघ किंवा बिबट्यासोबत बहुधा सूर्य-चंद्र कोरलेले असतात. दिवाळीच्या तोंडावर अश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे शहरात वसुबारस असते त्या दिवशी, आदिवासी पाड्यांत वाघबारस साजरी होते. गुरे आणि माणसे सुखरूप राहावीत म्हणून वाघोबाला नैवेद्य दिला जातो.

ही केवळ श्रद्धेची बाब नाही. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील वारली पाड्यांचा वाघोबाविषयीचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दीडशे वाघोबा-स्थानांची नोंद झाली. बिबट्याच्या शेजारी राहूनही त्याच्याशी वैर न धरण्याची जी वृत्ती या समाजात टिकून आहे, तिच्यात या पूजेचा वाटा असल्याचे अभ्यासकांनी मांडले. म्हणजे ज्या दगडावर पाय ठेवून पाहुणा सेल्फी काढतो, तो दगड या जंगलात माणूस आणि बिबट्या यांच्यातल्या जुन्या समजुतीची खूण असतो.

म्हणून अशा ठिकाणी बसू नये, दगड हलवू नये, नारळ, अंडी किंवा पैसे उचलू नयेत. आसपास लघवी करू नये, हे सांगावे लागते, कारण झाडाचा आडोसा शोधणारे नेमके तिथेच जातात. देवाच्या नावाने राखलेल्या झाडांची फांदी तोडू नये. पूजा सुरू असेल तर चपला काढून, थोडे अंतर ठेवून उभे राहावे. काही विधींच्या जागी बाहेरच्यांनी किंवा बायकांनी जाऊ नये, असे गावाचे म्हणणे असते. ते पटो न पटो, पाहुणा म्हणून गेलेल्याने तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

लोकांशी बोलताना कशाचे भान ठेवावे?

आगरी असो वा वारली, इथल्या बोलीत ‘तुम्ही-आम्ही’चा फारसा बडेजाव नाही. आजी अनोळखी पाहुण्यालाही ‘कुठून आलास?’ असेच विचारेल. त्यात अनादर नसून आपलेपणा आहे. पाहुण्याने मात्र उलट अरे-तुरे करणे वेगळे ठरते आणि त्याला इतिहास कारणीभूत आहे.

या जिल्ह्याने वेठबिगारी पाहिली आहे. जमीनदार आणि सावकारांच्या वेठीविरुद्ध डहाणू-तलासरी-उंबरगाव भागात १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये आला, तरी वसई तालुक्यात ती प्रथा पुढेही सुरूच होती. १९८० च्या दशकात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने इथल्या वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढा दिला. चांदीपच्या पुढे याच रस्त्यावरचे उसगाव हे त्या चळवळीचे केंद्र. आजचे पन्नाशी-साठीतले अनेक जण तो काळ पाहत मोठे झाले आहेत. अशा माणसाला गाडीच्या खिडकीतून ‘ए, धबधबा कुठाय रे?’ असे विचारले की त्यातला सूर त्याला ओळखीचा वाटतो.

दादा, ताई, काका, मावशी ही हाक पुरेशी आहे. ‘राम राम’ सर्वत्र चालतो. आदिवासी पाड्यांत ‘जोहार’ म्हटले तर चेहरे खुलतात. ‘आदिवासी’ हा शब्द अभिमानाने वापरला जातो. ‘जंगली’, ‘मागास’ असे उल्लेख गमतीनेही करू नयेत. घरी बोलावले तर चपला दाराबाहेर काढाव्यात. तांब्याभर पाणी पुढे आले तर ते नाकारून पिशवीतली बाटली काढणे यजमानाला लागते. पाणी चालणार नसेल तर निदान तांब्या हातात घेऊन कृतज्ञता व्यक्त करावी.

फोटो कधी काढू नयेत?

विचारल्याशिवाय कधीच नाही, हे सर्वसाधारण उत्तर. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चाललेली बाई, आवणी करणारी रांग किंवा ओसरीवर खेळणारी मुले हा ‘देखावा’ नाही. मोबाइल दाखवून ‘काढू का?’ असे विचारायला दोन सेकंद लागतात. फोटोच्या बदल्यात मुलांना चॉकलेट किंवा सुट्टे पैसे देणे टाळावे. त्यातून मुलांना गाड्यांमागे धावण्याची सवय लागते आणि वळणाच्या रस्त्यावर ते जिवावर बेतू शकते.

लग्नघरात किंवा तारप्याच्या नाचात जाण्याचा योग आला तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिला जाणारा चौक हे सजावटीचे चित्र नाही. सवाशिणी तो लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना होते आणि धवलेरी ही स्त्री-पुरोहित विधी करते. त्यापुढे ‘पोज’ देऊन उभे राहू नये. भिंतीला हात लावू नये. तारप्याच्या नाचात फेर वादकाबरोबर फिरतो आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. फेरात शिरण्याआधी बोलावण्याची वाट पाहावी आणि शिरल्यावर हा संकेत पाळावा.

होळीच्या दिवसांत रस्त्यात दोर आडवा धरून पोस्त मागितला जातो, काही ठिकाणी त्याला फाग म्हणतात. हा सणाचा भाग असतो. हसतमुखाने दहा-वीस रुपये दिले की दोर खाली येतो. हॉर्न वाजवत गाडी पुढे दामटल्यास अपघात आणि भांडण दोन्ही ओढवते.

खरेदी आणि पैशांचे व्यवहार कसे करावेत?

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला बायका रानभाज्यांचे वाटे लावून बसतात. शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, कंटोळी, बांबूचे कोवळे कोंब अशी ही यादी पावसाच्या आठवड्यागणिक बदलते. एका वाट्यामागे पहाटेपासूनची पायपीट असते. त्या वाट्याचे पाच रुपये कमी करून घेण्यात बहादुरी नाही. शेवळे कसे करायचे, हे मात्र जरूर विचारावे. काकडाची फळे किंवा चिंच न घालता शिजवले तर ते घशाला खाजते, ही माहिती विकणारी मावशीच देईल. मोसमातली कोवळी भाजी आधी देवाला दाखवून मगच खाण्याची रीत आदिवासी पाड्यांत आहे. त्यामुळे पहिल्या पावसातच ‘ही भाजी का नाही आणली?’ असा हट्ट धरू नये. रानातून भाजी स्वतः उपटण्याच्या फंदातही पडू नये. ओळख पटली नाही तर विषबाधा होऊ शकते.

चहा, नाश्ता, जेवण शक्यतो गावातच घ्यावे आणि आधी सांगून ठेवावे. शहरातून सगळे बांधून आणायचे आणि गावाला फक्त कचरा द्यायचा, असे झाले की पर्यटनाविषयी गावाची नाराजी वाढते. गाडी शेताच्या तोंडाशी किंवा पाड्याच्या वाटेवर उभी करू नये. याच अरुंद रस्त्याने शाळेची मुले, गुरे, एसटी आणि प्रसंगी १०८ ची रुग्णवाहिका जाते.

अभयारण्यात कायदा काय सांगतो?

रीतीभाती मोडल्या तर गाव नाराज होते. अभयारण्यात मात्र त्यातल्या बऱ्याच गोष्टी गुन्हा ठरतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत. वन्यप्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे याच कलमाने निषिद्ध आहे. कलम २९ नुसार परवानगीशिवाय वनउपज नेता येत नाही, कलम ३० नुसार धोकादायक रीतीने आग पेटवता येत नाही आणि कलम ३१ नुसार परवानगीविना शस्त्र घेऊन जाता येत नाही. सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तुंगारेश्वर महादेवाच्या दर्शनाला श्रावणात आणि महाशिवरात्रीला मोठी गर्दी होते. दर्शनाला जाणाऱ्यांनाही हेच नियम लागू आहेत. माकडांना प्रसादाचा नारळ किंवा बिस्किटे देणे पुण्याचे वाटले तरी त्यामुळे ती माणसावर झडप घालू लागतात.

संध्याकाळनंतर जंगलात थांबू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत आणि मुलांना एकटे पुढे पाठवू नये. बिबट्याच्या वावराची वेळ साधारण अंधार पडल्यावर सुरू होते. त्या वेळी स्थानिकही एकटे फिरणे टाळतात.

धबधब्यांवर बंदी का घातली जाते?

याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या चिंचोटी धबधब्यात अनेक तरुणांचा बुडून मृत्यू झाला आहे. जुलै २०१८ मध्ये तिथे अचानक पाणी वाढल्याने शंभराहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना बाहेर काढण्यासाठी आपत्ती यंत्रणेला मोठी मोहीम राबवावी लागली. अशा घटनांमुळे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडून पावसाळ्यात धोकादायक धबधब्यांवर मनाई आदेश काढले जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ नुसार असे आदेश निघतात. ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार गुन्हा दाखल होऊ शकतो.

तानसा नदीचा धोका आणखी फसवा आहे. नदीच्या वरच्या भागात मुंबईला पाणी पुरवणारे, १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण आहे. ते भरून वाहू लागले की चांदीपकडे ऊन पडलेले असतानाही नदीचे पाणी वाढू शकते. पांढरतारा आणि मेढे येथील कमी उंचीचे पूल पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली जातात आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये. गावकरी ‘आज पाण्यात उतरू नका’ म्हणाला तर तो आपली सहल बिघडवण्यासाठी सांगत नसतो. उद्या दोर घेऊन पाण्यात उतरायची वेळ बहुधा त्याच्यावरच येणार असते.

जगात अन्यत्र असे संकेत आहेत का?

आहेत, आणि काही देशांनी ते कायद्यात किंवा प्रतिज्ञेत आणले आहेत. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने कोणालाही पडीक रानात फिरण्याचा हक्क दिला आहे, पण लागवडीखालच्या शेतात तो लागू होत नाही आणि तंबू वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर ठोकावा लागतो. प्रशांत महासागरातील पलाऊ या द्वीपराष्ट्रात २०१७ पासून पाहुण्याला विमानतळावरच पारपत्रावर उमटवलेल्या प्रतिज्ञेखाली सही करावी लागते. बेटांची हानी करणार नाही, असे वचन तो तिथल्या मुलांना देतो. ऑस्ट्रेलियातील उलुरू या महाकाय खडकावर चढू नये, ही तिथल्या आदिम समाजाची विनंती वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये चढाई कायमची बंद करण्यात आली.

तिन्ही ठिकाणी गाभा एकच आहे. निसर्ग पाहण्याचा हक्क आणि तिथे राहणाऱ्यांचा मान या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. विनंती पाळली गेली नाही की बंदी येते आणि बंदी आली की जबाबदारीने वागणाऱ्यांनाही घरी बसावे लागते.

मग निघण्यापूर्वी काय करावे?

पावसाळ्यात मनाई आदेश लागू आहे का, हे पोलिसांच्या किंवा वन विभागाच्या सूचनांतून पाहून घ्यावे. पिण्याचे पाणी काचेऐवजी धातूच्या बाटलीत आणि सोबत कचऱ्यासाठी रिकामी पिशवी घ्यावी. गावात पोहोचल्यावर थेट ओहोळाकडे न जाता नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबावे आणि आज कुठे जाता येईल, कुठे नको, हे विचारावे. या एका प्रश्नाने रस्ता, पाण्याचा अंदाज, कोणाचे शेत कुठे सुरू होते आणि कोणत्या पाड्यात आज पूजा आहे, हे सारे कळते. सोबत गावातला एखादा तरुण वाटाड्या म्हणून घेतला तर त्याचा दिवस सुटतो आणि आपलाही धोका कमी होतो. अडचण आल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. मात्र डोंगरात मोबाइलला सर्वत्र रेंज मिळेलच असे नाही, म्हणून कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे टपरीवर सांगून ठेवावे.

परतताना त्याच टपरीवर ‘आम्ही निघालो’ एवढे सांगायला विसरू नये. अंधार पडल्यावर कोण परतले आणि कोण नाही याची काळजी गाव करत असते. त्या दोन शब्दांनी ती मिटते.